कंपनी ट्रेनिंगला पाठवत नाही, मग नोकरी करता करता स्किल वाढवायचं कसं

गेल्या महिन्याभरात चार-पाच पोरं येऊन एकच प्रश्न विचारून गेली, दादा कुठला कोर्स करू. सगळी आमच्या कोल्हापूरकडचीच. एक जण शिरोलीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, एक गोकुळ शिरगावला स्टोअरमध्ये, एक कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत फौंड्रीला, आणि एक तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये अकाउंट बघतोय. कामं वेगवेगळी पण धास्ती सगळ्यांची एकच, नवीन मशीनं यायलेत, एआय आलंय, इलेक्ट्रिक गाड्या वाढायलेत, आपलं काम राहणार का जाणार. मी वीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, त्यातली बरीचशी क्वालिटीला, आणि आता नवीन येणाऱ्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

आधी एक आकडा सांगतो, कारण मला स्वतःला तो वाचून झोप लागली नव्हती. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा २०२५ चा फ्युचर ऑफ जॉब्स म्हणून रिपोर्ट आहे, त्यात ५५ देशांमधल्या हजारावर कंपन्यांना विचारलंय. त्यांचं म्हणणं असं की आज कामाला जी स्किल लागतात त्यातली ३९ टक्के २०३० पर्यंत बदलणार. आणि जगातले कामगार १०० धरले तर त्यातल्या ५९ जणांना तोवर नवीन काहीतरी शिकावं लागणार, २९ जणांना आहे त्याच कामात, १९ जणांना शिकवून दुसऱ्या कामावर घेतलं जाईल, आणि उरलेल्या ११ जणांना गरज असूनही ट्रेनिंग मिळायची शक्यता कमी. मला ते ११ जण डोळ्यासमोर दिसतात. छोट्या वर्कशॉपमधला ऑपरेटर, कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर, गावाकडनं रोज तीस किलोमीटर गाडी मारत येणारा आणि घरी गेल्यावर वैरण काढायला लागणारा पोरगा. मोठ्या कंपनीचं काय, ती पाठवते ट्रेनिंगला. आपल्याला कोणी पाठवणार नाही हे धरूनच चालायचं आणि त्या अकरात आपण यायचं नाही एवढं ठरवायचं, बाकी सगळं त्यानंतर.

आणि हे कुठंतरी लांब परदेशात चाललंय असं समजू नका. इंजिनच्या गाडीला ब्लॉक लागतो, हेड लागतं, फ्लायव्हील लागतं, ही सगळी कास्टिंगची कामं, आणि आपल्याकडच्या कितीतरी फौंड्र्या नि मशीन शॉप यावरच उभी आहेत. बॅटरीवरच्या गाडीत इंजिनच नाही म्हटल्यावर यातलं काहीच लागत नाही, तिथं मोटरची हाउसिंग लागते आणि ती बहुतेक ॲल्युमिनियमची. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, जेसीबीसारखी मशीनं ही कामं आहेतच, उद्या सकाळी काही बंद पडत नाही, पण आज जो जॉब तुम्ही लोड करताय तोच दहा वर्षांनी असेल याची खात्री मालकालाही नाही.

पहिलं काम, वही करा

कोर्स शोधायच्या आधी एक साधी दोनशे पानी वही घ्या. पंधरा दिवस शिफ्ट संपली की दहा मिनिटं बसून त्या दिवशी खरोखर काय काय केलं ते लिहायचं. हुद्दा लिहायचा नाही. "ऑपरेटर" असं लिहून काहीच कळत नाही. लिहायचं असं, सकाळी पहिला जॉब मोजला, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलला, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) दिला, अलार्म आला तर मेंटेनन्सला बोलावलं, नवीन पोराला क्लॅम्पिंग दाखवलं, चालान लिहिलं. स्टोअरवाल्यानं लिहायचं, माल उतरवून घेतला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला, अमुक बेअरिंग संपत आलंय हे परचेसला सांगितलं.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन निवांत बसायचं आणि प्रत्येक कामापुढं एक गोल काढायचा, गोलाचे चार पाव करायचे. चांगल्या कंपन्यांत भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं ना, तेच हे. काम नुसतं माहीत आहे तर एक पाव भरा, कोणी शेजारी उभं असेल तर जमतं, दोन पाव. एकट्याला जमतं, तीन. आणि दुसऱ्याला शिकवता येतं तेव्हाच चौथा पाव भरायचा, त्याआधी नाही. इथं स्वतःशी खरं बोला. दहा वर्षं एकच काम करणारे कितीतरी जण बघितलेत ज्यांचा चौथा पाव रिकामा आहे, हात चालतो पण का ते सांगता येत नाही, आणि मशीन बदललं की मग अडतं ते नेमकं तिथंच.

हे "का" काय असतं ते एका जॉबवरनं सांगतो. आमच्याकडं कास्ट आयर्नचा एक जॉब होता, बोअर (आतलं भोक) ५२ एमएम, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच ७, म्हणजे ५२.००० च्या खाली जायचं नाही आणि ५२.०३० च्या वर जायचं नाही, तीस मायक्रॉनचा खेळ, मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. एप्रिलचा महिना, ड्राय मशीनिंग, जॉब मशीनमधनं निघाला की हाताला चांगला गरम लागायचा. ऑपरेटर पोरगा हुशार होता, प्रत्येक जॉब काढल्या काढल्या बोअर गेज लावायचा, ५२.०१० यायचं, ओके. रात्रभर तसाच माल काढला. सकाळी इन्स्पेक्शनला घेतला तर ५१.९९९, ५१.९९८, अख्खी रात्र अंडरसाइज. पोरगा रडकुंडीला आला, म्हणाला गेज खराब आहे. गेज ठीक होतं. आमच्यात एक जुने सेटर (मशीनवर जॉब आणि टूल लावून देणारे) होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, ते आले, जॉबला हात लावून बघितला आणि पोराला विचारलं,

"रात्री जॉब गरम हुता का गार?"

"गरमच की मामा, काढला की लगीच मोजत हुतो."

"मग गरम जॉब मोजून थंड जॉब कसा कळणार तुला? घे हा एक, टेबलावर ठेव, चहा पिऊन ये, मग मोज."

लोखंड तापलं की फुगतं हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. कास्ट आयर्न एक मीटरला एका डिग्रीला साधारण १० ते ११ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ५२ एमएमचा बोअर वीस डिग्री जास्त गरम असला की अकराएक मायक्रॉन मोठा दिसणार, आणि माप धरायचं ते २० डिग्रीचं असतं. गणित पाचवीतलं आहे. पण शाळेतली गोष्ट आणि हातातला जॉब हे दोन्ही जोडायला माणूस लागतो, आणि ते जोडता येणं यालाच मी स्किल म्हणतो. उद्या मशीनवर प्रोब बसला, माप आपोआप घेतलं, तरी प्रोब तापलेलाच जॉब मोजणार आहे आणि त्याला किती सूट द्यायची हे कोणाला तरी ठरवावंच लागणार आहे. तो पोरगा आज सेटर आहे आणि नवीन मुलांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो.

शेजारचं स्किल धरा, लांब उडी नको

वही झाली की कळतं आपण कुठं उभे आहोत. आता पुढचं पाऊल निवडायचं ते आत्ताच्या कामाला लागून असलेलं. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात आणि पैसे जातात. व्हीएमसीवरच्या पोरानं फोनवर जाहिरात बघितली, सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट व्हा, लाखभराची फी, हप्ते बांधून दिले, पुढं दोन महिन्यांत सोडून दिलं, हप्ते चालूच. मला मनापासून वाईट वाटतं अशा वेळी, कारण पोराची शिकायची इच्छा खरी असते आणि ती इच्छाच कोणीतरी विकून खाल्लेली असते.

ऑपरेटर असाल तर पुढचं पाऊल सेटिंग, त्यापुढं प्रोग्रॅम वाचता येणं, मग लिहिता येणं, मग फिक्स्चर कसं असावं यावर बोलता येणं. आणि या सगळ्याच्या आधी ड्रॉइंग. खरं सांगतो, ड्रॉइंग पूर्ण वाचता येणारा ऑपरेटर अजूनही शोधून सापडत नाही, माप वाचतात, पण कोपऱ्यातली नोट, डेटम (माप जिथनं धरायचं ती जागा), पोझिशन टॉलरन्स, रनआउट यांची चिन्हं बघितली की पान उलटतात. एक महिना फक्त ड्रॉइंगला द्या, रोज एक, त्या एका महिन्यानं जेवढा फरक पडेल तेवढा वर्षाच्या कोर्सनं पडणार नाही.

फौंड्रीत मोल्डिंगला असाल तर सॅण्ड लॅबमध्ये जाऊन बसा. वाळूतला ओलावा, पर्मिअॅबिलिटी, कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळूतनं हवा किती जाते आणि दाबल्यावर ती किती बसते) हे रोज मोजलं जातं पण मोल्डिंगवाल्याला आकडे कोणी सांगत नाही आणि लॅबवाल्याला ब्लो होल (कास्टिंगमध्ये हवेनं पडलेलं भोक) कुठं आला ते कोणी दाखवत नाही. या दोघांच्या मधे उभं राहता येणारा माणूस म्हणजे सोनं. आज ओलावा एवढा होता आणि आज रिजेक्शन एवढं आलं, हे दोन आकडे रोज शेजारी शेजारी लिहिले तरी दोन महिन्यांत वही स्वतः बोलायला लागते.

क्वालिटीवाल्यांनी एक्सेल पकडा. नुसतं रिपोर्ट टाइप करायला नको, तासाला पाच जॉब मोजले तर त्याची सरासरी काढून ग्राफ लावायला. ग्राफ हळूहळू एकाच दिशेला सरकताना दिसला की इन्सर्ट झिजतोय हे रिजेक्शन व्हायच्या आधी कळतं. एसपीसी एसपीसी म्हणतात, म्हणजे आकड्यांवरनं कामावर लक्ष ठेवणं, ते इथनंच चालू होतं.

अकाउंटला असाल तर टॅलीत एंट्री मारणं हे काम कमी कमी होत जाणार, बँक स्टेटमेंट आपोआप उचलणारी सॉफ्टवेअर आलीच आहेत. पण जीएसटी २ बी (माल देणाऱ्यांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची यादी) आणि आपलं परचेस रजिस्टर जुळवून कोणत्या पार्टीनं आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही ते शोधणं, त्या पार्टीला फोन करून गोडीत काम करून घेणं, ई-इनव्हॉइसचे घोळ निस्तरणं, हे राहणार. ई-इनव्हॉइसची मर्यादा ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या टर्नओव्हरवर आली तेव्हा कितीतरी मध्यम वर्कशॉपची धांदल उडालेली, आणि ज्या क्लार्कनं आधीच बघून ठेवलेलं त्याचं वजन ऑफिसात एकदम वाढलं.

आता शिकायचं कुठं. पहिलं ठिकाण तुमच्याच शिफ्टमध्ये आहे, जुना माणूस. पण त्याला विचारायची एक पद्धत असते, मामा मला सेटिंग शिकवा म्हटलं तर कोणी शिकवत नाही, त्याला वेळ नसतो आणि थोडी भीतीही असते की हे पोरगं माझ्या जागेवर येईल. त्याऐवजी एकच बारीक प्रश्न, तोही काम संपल्यावर, चहाच्या टायमाला. मामा, मघाशी तुम्ही आधी डायल लावला आणि मग क्लॅम्प घट्ट केला, ते तसं का ओ? असं विचारलं की माणूस खुलतो, कारण तुम्ही त्याचं काम बघत होता हे त्याला कळतं. उद्यमनगर हे असंच तर उभं राहिलंय, म्हादबा मेस्त्रींचं नाव तिथं आजही आदरानं घेतात, इंजिन खोलायचं, बघायचं, हातानं करून बघायचं, ही शिकायची पद्धत आपल्या मातीतली आहे. फक्त आता त्याला लिहून ठेवायची जोड द्या.

त्याशिवाय मशीनसोबत आलेलं मॅन्युअल, बहुतेक ठिकाणी ते कपाटात प्लास्टिकच्या पिशवीतच असतं. मेंटेनन्सवाल्याला सांगून बघायला मागा. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर फुकट आहेत, मशीनिंग, कास्टिंग, क्वालिटी सगळं, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी. इंग्रजी अवघड वाटलं तर व्हिडिओ निम्म्या स्पीडला लावा आणि एका वेळी दहाच मिनिटं बघा. दहावी-बारावी होऊन सुटलं असेल आणि डिग्रीचं मनात असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी करत शिकणाऱ्यांसाठीही आहे. आणि आयटीआयला जायचं वय गेलं म्हणून खट्टू होऊ नका, अनुभवानं शिकलेल्या माणसाचं स्किल तपासून सर्टिफिकेट द्यायची आरपीएल म्हणून सरकारी सोय आहे, त्याची चौकशी करा.

वेळेचं विचाराल तर रोज अर्धा तास, बास. शिफ्ट फिरती असते, सेकंड शिफ्ट करून रात्री एकला घरी पोचलेला माणूस पहाटे अभ्यास करू शकत नाही, असले सल्ले मी देणार नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी, सेकंडच्या आठवड्यात सकाळी जेवणाच्या आधी, आणि नाइटच्या आठवड्यात सुट्टी घ्या, फक्त वही लिहा. जोतिबाची यात्रा, गणपती, उसाची तोड आली की खंड पडणारच, पडू दे, पण परत चालू करताना मागच्या पानापासनं करा, नवीन कोर्सपासनं नको.

एआय बद्दल

घाबरायचं नाही आणि आंधळा विश्वासही ठेवायचा नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं, आज प्रत्येकाच्या फोनवर आहे, आणि आपल्यासारख्यांना त्याचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे इंग्रजीची भिंत पडली. मॅन्युअलचा उतारा टाका आणि मराठीत सोपं करून सांग म्हणा. कंट्रोलरचं नाव आणि अलार्म नंबर द्या आणि कारणं कुठली असू शकतात विचारा. कस्टमरला मेल लिहायचा आहे, तुमचं म्हणणं मराठीत लिहा, इंग्रजीत करून घ्या. माझ्या ओळखीचा एक डिस्पॅचवाला मेल लिहायला लागतो म्हणून कस्टमरसमोर यायचंच टाळायचा, आता तो स्वतः कॉलवर बोलतो.

पण प्रोग्रॅम लिहून घेतला तर तो थेट मशीनवर चालवायचा नाही म्हणजे नाही. ते इतक्या आत्मविश्वासानं चुकीचा कोड देतं की वाचणाऱ्याला खरंच वाटतं. आधी ओळ न ओळ स्वतः वाचा, सिम्युलेशन असेल तर तिथं बघा, मग झेड वर उचलून ड्राय रन (न कापता नुसतं फिरवून बघणं), मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ, बोट फीड होल्डच्या म्हणजे थांबवायच्या बटणावर. स्पिंडल आपटला तर महिन्याचं काम जातं. आणि दुसरं, कस्टमरचं ड्रॉइंग किंवा कंपनीचे रेट त्यात टाकायचे नाहीत. गुप्ततेच्या करारावर मालकानं सही केलेली असते, आपल्याला माहीत नसतं, आणि नोकरी आपली जाते.

शिकलेलं दिसलं पाहिजे

इथं माझी एक सल सांगतो. मी एका कंपनीत सहा वर्षं होतो, तिथं ट्रेनिंगचं रजिस्टर होतं, ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून सह्या घ्यायचे, अमुक तारखेला मेजरिंग इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग झालं, तमुक तारखेला फाइव्ह एसचं (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) झालं. एकही झालं नव्हतं. मी पण सही करायचो. कागदावर मी सगळं शिकलेला होतो आणि दुसरीकडं मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्यानं मायक्रोमीटर हातात देऊन झीरो एरर बघ म्हणाला आणि माझे हात थरथरायला लागले. ती नोकरी मिळाली नाही. त्या दिवशी संध्याकाळी पहिली वही घेतली, आणि म्हणून सर्टिफिकेटपेक्षा वहीवर माझा जीव आहे.

तर पुरावा कसा ठेवायचा. जे सुधारलं त्याचं एक पान. आधी काय होतं, काय केलं, नंतर काय झालं, आकड्यात. "सेटिंगला दोन तास लागायचे, टूल आधीच प्रीसेट करून ठेवले, आता सव्वा तास लागतो." एवढंच. वर्षात अशी चार पानं झाली तरी भरपूर. पगारवाढीच्या वेळी साहेबांसमोर बसलात की महागाई वाढली हे सगळेच सांगतात, तुम्ही ती चार पानं ठेवा. शांतपणे बोला, दुसऱ्या कंपनीची धमकी द्यायची गरज नाही. साहेब लगेच हो म्हणतील असं नाही, पण पान कोणाला खोटं म्हणता येत नाही, आणि इथं नाही तर दुसऱ्या मुलाखतीत तेच पान कामाला येतं.

कोणी वर्कशॉपचे मालक वाचत असतील तर त्यांनाही हात जोडून दोन गोष्टी सांगायच्यात. पोरगं शिकवलं की सोडून जातं ही तक्रार मी रोज ऐकतो, आणि ती खोटी नाही. पण न शिकवता ठेवलेलं पोरगं कायम राहतं, आणि तुमचं रिजेक्शनही कायम राहतं. भिंतीवर खरं स्किल मॅट्रिक्स लावा, ज्याचा एक पाव वाढला त्याच्या पगारात त्याच महिन्यात थोडं का होईना वाढवा, वर्षाची वाट बघू नका. अप्रेंटिस घ्या, एनएपीएस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. आणि मुलींना मशीनवर घ्या, नुसत्या पॅकिंगला आणि ऑफिसला नको. आमच्याकडं सीएमएमवर (जॉबची मापं घेणारं कॉम्प्युटरचं मशीन) एक मुलगी आहे, हातकणंगल्याकडची, डेटम कसा धरायचा यावर ती कस्टमरच्या इंजिनिअरशी अर्धा तास वाद घालते आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं.

शेवटी ज्या चार-पाच जणांनी विचारलेलं त्यांच्यासाठी. वही उद्याच्या शिफ्टपासनं चालू करा, पंधरा दिवसांनी गोल काढा आणि मला दाखवायला आणा, कुठला पाव भरायचा राहिलाय ते बघून मग कोर्सचं ठरवू. येताना तुमच्या जॉबचं एक ड्रॉइंग वाचून या, कोपऱ्यातल्या नोटसकट.